पतसंस्थेचा एकही हप्ता चुकला नाही, तरी बँक म्हणते सिबिल नाही. मग आपण नोंदी पाठवायच्या का?

तालुक्याच्या गावी महिलांची छोटी पतसंस्था चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सभासद बायका दहा-दहा वर्षं कर्ज घेतायत अन् फेडतायत, 10 हजारापासून 50 हजारापर्यंतची कर्जं, वसुली चांगली, पण त्याच बायका म्हशीसाठी किंवा दुकानासाठी बँकेत गेल्या की साहेब म्हणतात सिबिलच नाही, आणि काहींचं तर खराब निघतं. तर पतसंस्थेने आपला डेटा सिबिलला पाठवायला सुरुवात करावी का, आणि त्यात सभासदांचं नुकसान होईल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी 19 वर्षं याच कामात आहे. सुरुवातीची पाच वर्षं एका मायक्रोफायनान्स कंपनीत, म्हणजे गरीब घरांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीत, गावोगाव सेंटर मीटिंगा, म्हणजे बायका जमून हप्ते भरतात त्या बैठका, घेतल्या, नंतर सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यात बचत गटांच्या आणि छोट्या पतसंस्थांच्या कर्ज वह्या बघायचं काम करत आले. तर सरळ उत्तर आधी देते. डेटा पाठवायची घाई करू नका. आधी सभासदांचे सिबिलचे रिपोर्ट त्यांच्याच हातून काढून घ्या, ते वाचायला शिका, आणि मग आपली वही उघडून तारखा तपासा, कारण तुमच्या वहीत आज ज्या तारखा आहेत त्या जशाच्या तशा बाहेर गेल्या तर तुमच्या चांगल्या सभासदसुद्धा थकबाकीदार दिसतील. हे मी घाबरवायला म्हणत नाहीये, खूप वह्या बघून म्हणतेय.

आधी कायद्याचं पटकन सांगते. सिबिल हे खरं तर कर्जफेडीच्या नोंदी गोळा करून रिपोर्ट आणि स्कोअर देणाऱ्या एका कंपनीचं नाव, 2000 साली सुरू झालेली, पण आपल्याकडे स्कोअरलाच सिबिल म्हणायची सवय लागलीय. अशा एकूण चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हायमार्क, आणि चारही रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली, 2005 च्या कायद्याने चालतात. त्या कायद्यात कर्ज देणाऱ्या ज्या संस्थांची यादी आहे त्यात बँका आहेत, सहकारी बँका आहेत, एनबीएफसी म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्या आहेत, घरकर्जाच्या कंपन्या आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा 1960 खाली नोंदलेल्या आपल्या पतसंस्थेचं नाव त्यात थेट येत नाही. रिझर्व्ह बँक आणखी संस्था जोडू शकते अशी तरतूद आहे, पण आजच्या घडीला तुमच्यावर डेटा पाठवायचं बंधन नाही आणि बँकेसारखा तो पाठवायचा सरळ रस्ताही नाही. म्हणून तुमच्या सभासदाची दहा वर्षांची फेड बँकेच्या कॉम्प्युटरवर शून्य दिसते. ती बाई नवखी नाहीये, तिची नोंद वेगळ्या कपाटात आहे एवढंच.

आता "सिबिल नाही" आणि "सिबिल खराब" या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, काउंटरवर दोन्हीला एकाच सुरात नाही म्हणतात ते चुकीचं आहे. नोंदच नसेल तर रिपोर्टवर स्कोअरच्या जागी उणे एक किंवा तशीच काहीतरी खूण येते. त्यासाठी अर्ज फेटाळायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने 6 जानेवारी 2025 च्या निर्देशांत बँकांना सांगितलंय, आणि पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला किमान स्कोअरची कुठलीही अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही हे ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं. म्हणून सभासदाला बँकेत पाठवताना सांगून पाठवा की तोंडी नकार घ्यायचा नाही, साहेब, कारण लिहून द्या म्हणायचं. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याच ठिकाणी अर्ज पुन्हा उघडला जातो, हे मी बघितलंय.

खराब निघालं तर मात्र बसून वाचावं लागतं. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, म्हणजे वर्षाला चार. चारही काढाच, कारण मायक्रोफायनान्सची माहिती वेगळ्या नमुन्यात जाते आणि एका ठिकाणची चूक दुसरीकडे असेलच असं नाही. अडचण येते ती ओटीपीची. बायकांच्या नावावर कर्ज, पण नोंदवलेला मोबाईल नवऱ्याचा, नाहीतर मुलाचं जुनं सिम, आणि एकदा तर चक्क कंपनीच्या माणसाचाच नंबर निघाला. म्हणून पहिलं काम कर्ज देणाऱ्या कंपनीत किंवा बँकेत जाऊन स्वतःचा नंबर लावून घेणं. त्याचा आणखी एक फायदा आहे, आपला रिपोर्ट कुणी उघडून बघितला की मेसेज येतो, तो तरी तिच्या हातातल्या फोनवर यावा.

एक प्रसंग सांगते म्हणजे वाचायचं म्हणजे काय ते कळेल. खटाव तालुक्यातल्या एका ताईंना बँकेने म्हशीचं कर्ज नाकारलं, कारण काय तर रिपोर्टमध्ये मायक्रोफायनान्स कर्जाची थकबाकी. त्या रडकुंडीला आलेल्या, म्हणत होत्या मी एक हप्ता चुकवलेला नाही हो, हप्त्याचं कार्ड बघा. कार्डावर खरंच सगळ्या सह्या होत्या. रिपोर्टमध्ये प्रत्येक महिन्याखाली तीन आकडे असतात, हप्ता किती दिवस उशिरा आला ते, 000 म्हणजे वेळेवर. यांचं 000, 000, 000 असं छान चाललेलं, आणि एका महिन्यापासून 030, 031, 030 असं सलग अकरा महिने. पूर्ण बुडवणाऱ्या माणसाचे आकडे असे नसतात, ते 030, 060, 090 असे चढत जातात. हे एकाच जागी अडकलेलं होतं. मग कार्ड अन् रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. त्या महिन्यात सेंटर मीटिंग झाली नव्हती, कंपनीचा माणूस एसटी स्टँडवर भेटला, ताईंनी 1,850 रुपये त्याच्या हातात दिले, त्याने कार्डावर सही केली आणि पैसे काही ऑफिसात भरले नाहीत. तो एक हप्ता गायब झाला आणि पुढच्या महिन्याचा हप्ता सिस्टीमने मागच्यात धरला, त्याच्या पुढचा त्याच्या मागच्यात, असं करत ताई दर महिन्याला पैसे भरूनही कायम एक महिना मागे राहिल्या. अकरा महिने त्यांना कुणी सांगितलंही नाही. कार्डाच्या त्या पानाचा फोटो, पुढच्या सगळ्या सह्यांचे फोटो, आणि अर्धं पान अर्ज एवढं जोडून कंपनीकडे आणि चारही ठिकाणी तक्रार टाकली, सव्विसाव्या दिवशी रिपोर्ट दुरुस्त झाला. ते कार्ड बाईंनी देव्हाऱ्यामागे जपून ठेवलं होतं म्हणून झालं. तुमच्या सभासदांना सांगा, कर्ज संपलं तरी कार्ड चुलीत घालायचं नाही.

तक्रारीचा नियम लक्षात ठेवा, 30 दिवसांत निकाल लावायचा असतो, त्यातले पहिले 21 दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. 30 च्या वर गेलं की ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने तक्रारदाराला दिवसाला 100 रुपये द्यायचे, हे एप्रिल 2024 पासून लागू आहे. त्यानेही नाही झालं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, 14448 या नंबरवर माहिती मिळते, तक्रार फुकट आहे. एजंटांना पैसे देऊ नका, दोन-तीन हजार घेऊन सिबिल वाढवून देतो म्हणणारे बाजाराच्या गावी बसलेले असतात, ते हाच अर्ज टाकतात आणि खरी थकबाकी असेल तर तेही काही करू शकत नाहीत.

दुसरी मोठी भानगड नावाची. आधार कॅम्पात जन्मतारीख माहीत नसली की 1 जानेवारी टाकायचे, त्यामुळे निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. त्यात एका वाडीत एकच आडनाव, नावं तीच तीच, नवऱ्यांची नावंही तीच, पत्ता म्हणजे "मु. पो." एवढाच. कॉम्प्युटर बिचारा काय ओळखणार, एकीचं कर्ज दुसरीच्या रिपोर्टमध्ये जातं. उलटंही होतं, एकाच बाईचं माहेरच्या नावाने मतदार कार्ड, सासरच्या नावाने आधार, मग तिची चांगली फेड एका फाईलमध्ये आणि नवीन अर्ज दुसऱ्याच कोऱ्या फाईलवर. पतसंस्थेत अर्ज घेताना नाव आधारवर आहे तस्संच लिहा, माहेरचं नाव वेगळ्या रकान्यात घ्या, आणि पॅन कार्ड काढायला लावा, पॅन असलं की हा गोंधळ बराच कमी होतो.

आणि जावेसाठी, नणंदेसाठी आपल्या नावावर काढलेलं कर्ज. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण दुरुस्त न होणाऱ्या रिपोर्टमागे बहुतेक वेळा हेच निघतं. गटातली एखादी पुढारी बाई म्हणते तुझं फक्त नाव दे, हप्ता मी भरते, आणि दोन-चार हजार हातावर ठेवते. ती गाव सोडून गेली की कर्ज नावावर आहे तिचंच. त्यावर तक्रार चालत नाही कारण नोंद खरी आहे. जामीनकीचंही तसंच, बँकेच्या कर्जाला जामीन राहिलं की ते जामीनदाराच्या रिपोर्टलाही दिसतं. आपल्याकडे जामीन म्हणजे चहा पिता पिता केलेली सही, तेव्हा सहीच्या आधी हे त्या बाईला मराठीत, समोर बसवून सांगा.

सेटलमेंटबद्दलही एक शब्द. वसुलीवाला म्हणतो 22 हजार आहेत, 10 भरा अन् विषय संपवा. विषय संपत नाही, रिपोर्टवर तडजोडीचा शिक्का बसतो आणि ही माहिती सिबिलसारख्या कंपन्यांना किमान 7 वर्षं ठेवावी लागते. अगदीच इलाज नसेल तर गोष्ट वेगळी, पण जरा थांबून, थोडे थोडे करून पूर्ण फेडता येत असेल तर पूर्ण फेडा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला घ्या.

आता तुमच्या वहीकडे येते, माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. आपल्या संस्था माणुसकीने चालतात. सभासदाच्या घरी मयत झाली, म्हैस मेली, पोरगी बाळंतपणाला आली, तर आपण म्हणतो असू दे, दिवाळीनंतर दे. हे चांगलंच आहे, हेच बँकेला जमत नाही. पण आपण ते फक्त बोलतो, लिहीत नाही. वहीत हप्त्याची तारीख जुनीच राहते आणि जमा तीन महिन्यांनी पडते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या एका पतसंस्थेने पाणी शिरलेल्या घरांकडून चार महिने हप्ता मागितलाच नाही, व्याजावर व्याज लावलं नाही, सगळं मनापासून केलं. दोन वर्षांनी त्यातली एक सभासद बँकेत कर्जाला गेली, बँकेने पतसंस्थेचा खातेउतारा मागितला, तर उताऱ्यात सलग चार महिने थकबाकी. मॅनेजरला पूर माहीत होता, पण त्याच्या फाईलला कागद लागतो. त्याच काळात संचालक मंडळाने एक ठराव केला असता की पूरग्रस्त सभासदांचे अमुक ते अमुक महिन्यांचे हप्ते पुढे ढकलले, आणि प्रत्येक खात्यावर नवी तारीख लिहिली असती, तर तो उतारा स्वच्छ निघाला असता. कोविडमध्ये मार्च ते ऑगस्ट 2020 बँकांनी सवलत दिली तेव्हा तेच केलं, ते महिने थकबाकीत मोजले नाहीत. सवलत आपण बँकांपेक्षा जास्त देतो, तिची नोंद मात्र ठेवत नाही. हे मला फार लागतं.

तसंच हप्त्याच्या तारखांचं. दर महिन्याची 5 तारीख सगळ्यांना एकच कशाला? दूध घालणाऱ्या बाईचं बिल दहा दिवसांनी येतं, तिचा हप्ता बिलाच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, छोटा ठेवा. जतच्या, सांगोल्याच्या भागातून जोडपं ऊसतोडीला जातं, एक कोयता म्हणून मुकादमाकडून उचल घेतं, दिवाळीच्या आसपास गाव सोडतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. त्या बाईला महिन्याचा हप्ता लावला तर ती साखर कारखान्याच्या फडात असताना तिच्या नावापुढे पाच महिने लाल शाई, आणि परत आल्यावर ती सगळं एकदम भरते. बुडवलं तिने काही नाही, हप्ताच चुकीच्या तारखेला लावला होता. तिला दोनच मोठे हप्ते लावा, एक उचल हातात येते तेव्हा आणि एक पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर. अशी वही असेल तर ती उद्या कुठेही पाठवा, ती त्या बाईची खरी हकिकत सांगेल.

तुम्ही विचारलंत नुकसान होईल का. होऊ शकतं, वर सांगितलं तसं. पण न पाठवल्यानेही एक नुकसान आत्ता होतंय, ते सहज दिसत नाही. मायक्रोफायनान्स कर्जाला एप्रिल 2022 पासून नियम आहे, वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं घर, आणि त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायचे नाहीत. समजा घरात महिन्याला 15 हजार येतात, म्हणजे मर्यादा 7,500. बाईचे दोन कंपन्यांचे हप्ते 6,800, रिपोर्टमध्ये एवढेच दिसतात, म्हणून कंपनी म्हणते अजून 700 ची जागा आहे. तुमचा 1,800 चा हप्ता कुणालाच दिसत नाही. प्रत्यक्षात ते घर 8,600 भरतंय आणि त्यात आणखी एक कर्ज येतं. 2010 मध्ये आंध्रात जे झालं, एकेका घरावर चार-पाच कंपन्यांची कर्जं चढली आणि सगळं कोसळलं, त्यानंतरच मायक्रोफायनान्सच्या नोंदी गोळा व्हायला जोर आला. म्हणून तुम्ही कर्ज देताना तरी सभासदाला तिचा रिपोर्ट आणायला सांगा, बेरीज तिच्यासमोर करा, आणि जास्त होत असेल तर तुम्हीच कमी द्या.

बचत गटांचं पण जोडून सांगते, तुमच्या निम्म्या सभासद गटातही असणार. बँक गटाला एकच कर्ज देते, गट ते सभासदांत वाटतो, आणि कुणाला किती दिलं हे गटाच्या वहीत राहतं. 1992 पासून नाबार्डने गट बँकांना जोडायला सुरुवात केली, पण सभासदनिहाय माहिती बँकांनी गोळा करून पाठवायची हे रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये सांगितलं. त्याच्या एक वर्ष आधी, 2015 मध्ये नाबार्डने गटांच्या वह्या डिजिटल करायचा ई-शक्ती प्रकल्प सुरू केला तो पहिल्या दोन जिल्ह्यांत, झारखंडचं रामगढ आणि आपलं धुळे. तरी गावात अजून बऱ्याच शाखा सभासदांची यादी मागत नाहीत. मागितली नाही तरी द्या, गटाचा ठराव, प्रत्येकीचं नाव आधारप्रमाणे, वाटलेली रक्कम, आणि पोच घ्या. 2025 च्या बजेटमध्ये गटातल्या बायकांसाठी आणि ग्रामीण लोकांसाठी "ग्रामीण क्रेडिट स्कोअर" करायची घोषणा झाली, त्यात ज्यांच्या वह्या नीट आहेत त्यांचंच काहीतरी मोजता येणार.

मग आज काय करायचं, तर दाखला. तुमच्या पतसंस्थेच्या लेटरहेडवर एक पान, सभासद कधीपासून आहे, आजपर्यंतची प्रत्येक कर्ज रक्कम, ठरलेली तारीख, भरलेली तारीख, मुदत वाढवली असेल तर ठराव क्रमांक आणि कारण, सोबत खातेउतारा आणि लेखापरीक्षकाची सही. "सदर सभासद प्रामाणिक आहेत" असली वाक्यं नकोत, मॅनेजर ती वाचत नाही, तो तारखा वाचतो. त्याबरोबर शक्य असेल तर सभासदाने एखादं छोटं कर्ज बँकेच्या दारातून घ्यावं, भाजी विकणाऱ्या बायकांना पीएम स्वनिधीचं मिळतं तसं, मुद्दाम लहान, आणि खात्यात हप्त्याच्या आदल्या दिवशी पैसे ठेवायचे, कारण खात्यात 40 रुपये कमी पडले तरी हप्ता परत जातो अन् वर दंड बसतो.

डेटा पाठवायच्या रस्त्यासाठी एकट्या संस्थेने धडपडून उपयोग नाही, हे पतसंस्थांच्या फेडरेशनने पुण्याला सहकार आयुक्तांकडे आणि तिथून रिझर्व्ह बँकेकडे लावून धरायला हवं, मी त्या बाजूची आहे आणि जिथे बोलावतील तिथे हेच सांगते. तोपर्यंत पुढच्या मासिक सभेत वीस सभासदांपासून सुरुवात करा, ज्यांचं कर्ज संपत आलंय अशा निवडा. त्यांना आधार, पॅन आणि स्वतःचा फोन घेऊन बोलवा, दोन पोरींना रिपोर्ट काढायला बसवा, आणि शेजारी तुमचं खातेपुस्तक उघडं ठेवा. वीसपैकी किती जणींच्या आपल्याच वहीत न लिहिलेली सवलत सापडते ते मोजा आणि मला कळवा, म्हणजे ठरावाचा मसुदा मी त्याप्रमाणे करून देते.